जावयाची दुरुस्ती

लग्नानंतर सासरी मी पहिली कामगिरी केली ती मामांच्या कॉम्प्युटरचा आवाज परत आणण्याची. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला मामीच म्हणतात. आवाज येत नाही असं कळताच मी बाह्या वर केल्या, डबा उघडला, आत जोरात फुंकर मारली, सगळी धूळ स्वतःच्याच डोळ्यांत घालून घेतली आणि पाणावलेल्या डोळ्यांनी निकाल दिला की साउंड कार्ड गेलं, नवीन बसवावं लागेल. पुढच्या रविवारी कार्ड आणून बसवलं, आवाज आला, आणि मामींनी असं काही कौतुकानं पाहिलं की मी ते आठवडाभर अंगावर मिरवलं. यातली खरी गोष्ट मला सात-आठ वर्षांनी बायकोकडून, म्हणजे उज्ज्वलाकडून, बोलण्याच्या ओघात कळली. कार्डाला काही झालंच नव्हतं. स्पीकरची हिरवी पिन गुलाबी भोकात बसली होती. मी निघून गेल्यावर मामींनी पुसता पुसता ती हिरव्या भोकात घातली आणि डबा बोलायला लागला. मग शनिवारी त्यांनीच आठवणीनं ती काढून परत गुलाबीत खोचून ठेवली, कारण दुसऱ्या दिवशी पाहुणे नवीन कार्ड घेऊन येणार होते.

त्या घरची रीतच तशी. जावयाला ‘पाहुणे’ म्हणायचं, अहो-जाहो करायचं, आणि काही झालं तरी त्याला खोटं पडू द्यायचं नाही. मराठवाड्यातून शेती सोडून हैदराबादला आलेल्या त्या घरानं पुढे नोकऱ्या केल्या, तेलुगू शिकली, दख्खनी शिकली, पण ही एक गोष्ट गावाहून जशीच्या तशी उचलून आणली. मी तेव्हा अठ्ठावीसचा. कुकटपल्लीच्या एका पंपाच्या कारखान्यात स्टोअरला कारकून. समोर कॉम्प्युटर असायचा म्हणून मी नातेवाइकांत कॉम्प्युटरवाला ठरलो होतो, जसा दवाखान्यात केसपेपर फाडणारा गल्लीत डॉक्टर ठरतो. माझ्याकडे तीनच औषधं होती. पहिलं, बंद करून परत चालू करणं. दुसरं, आतली रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरनं घासणं. आणि दोन्हींनी गुण आला नाही तर तिसरं, फॉरमॅट मारणं. तिसऱ्या औषधानं रोगी नेहमीच बरा व्हायचा. त्याच्या आठवणींचं काय व्हायचं, हे विचारायला रोगी काही बोलत नव्हता.

विद्यानगरचं ते घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक लांबट हॉल. खाली घरमालकांचं तेलुगू कुटुंब. सकाळी खालून डोशाच्या तव्याचा चर्र आवाज यायचा आणि वरून मामींच्या भाकरीचा थप थप. जेवणात ज्वारीची भाकरी, तिच्याबरोबर गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, आंबट चटणी, आणि रविवारी मी गेलो की मिरच्यांचं सालन, कारण पाहुण्यांना आवडतं. करंट दिवसातून दोन-तीनदा जायचा. तो गेला की हॉलच्या कोपऱ्यातून यूपीएस किंचाळायला लागायचा आणि मामा असतील तिथून धावत जाऊन आपली फाईल वाचवायचे. सेव्ह करणं याला ते वाचवणंच म्हणायचे. "थांबा, वाचवून येतो," म्हणत अर्ध्या जेवणातून उठायचे. उष्टा हात वर धरायचा, डाव्या हाताच्या एका बोटानं बटण दाबायचं, आणि परत येऊन भाकरीचा राहिलेला तुकडा मोडायचा.

ते राज्याचे दोन तुकडे व्हायच्या आधीचे दिवस. जवळचं विद्यापीठ बंद, रस्ते बंद, बस बंद. कोण इकडचा आणि कोण तिकडचा याचीच चर्चा. आम्हाला कुणी विचारलं तर काय सांगायचं हे आम्हालाही माहीत नव्हतं. मामांना मात्र या सगळ्याची गंमत वाटायची. ते म्हणायचे, मी दहा वर्षांचा असताना हैदराबाद राज्याची अशीच वाटणी झाली. गाव गेलं मुंबई राज्यात आणि वडील इथे नोकरीला म्हणून आम्ही राहिलो आंध्रात. शेत एका राज्यात आणि चूल दुसऱ्या राज्यात. आता म्हातारपणी खुर्चीवरून न उठता तिसऱ्या राज्यात जातोय, तिकीटही काढावं लागत नाही.

मामांनी उभा जन्म मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवलं. शेवटी शेवटी वर्गात मुलांपेक्षा बाकं जास्त झाली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम काढलं होतं. आपण हैदराबादेतली मराठी माणसं घरात जे बोलतो ते शब्द गोळा करायचे. पुस्तकातले नव्हेत, चुलीपाशीचे. माळवं म्हणजे भाजीपाला, उलसं म्हणजे थोडंसं, आणि कोरड्यास, हे गावाहून आलेले. गिन्नी म्हणजे वाटी आणि चेंबू म्हणजे तांब्या, हे खालच्या मजल्यावरून वर आलेले. नक्को आणि हौला, म्हणजे येडा, हे रस्त्यावरून घरात शिरलेले. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, आणि अर्थापुढे तो कुणाच्या तोंडून ऐकला ते. कोरड्यासापुढे त्यांनी लिहिलं होतं म्हणे की नाव कोरड्यास असलं तरी पदार्थ पातळच असतो, नावावर जाऊ नये. परसू या शब्दापुढे होतं: परवाचा दिवस, किंवा दहा वर्षांमागचाही; हैदराबादेत काळाची घाई नसते. हे मी ‘म्हणे’ लावून सांगतो आहे, कारण मी ते वाचलं नव्हतं. दोन वर्षं दर दुसऱ्या रविवारी मी त्या घरी जेवलो, त्या कॉम्प्युटरच्या पोटात हात घातला, पण मामा त्यावर काय लिहितात ते एकदाही उघडून पाहिलं नाही. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. मराठी बोलायचो घरच्यासारखी, वाचायचो मात्र दुकानाची पाटी वाचावी तशी, थांबून थांबून.

यातले पुष्कळ शब्द त्यांना आक्काकडून मिळाले होते. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, उदगीरकडच्या एका खेड्यात राहायची. दर रविवारी सकाळी मामा तिला फोन लावायचे आणि ती कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या ठणठणीत आवाजात शब्द सांगायची. दोन माणसं एकाच वेळी दारातून जाऊ बघतात आणि मधेच अडून एकमेकांकडे बघत राहतात, त्यालासुद्धा आक्काकडे एक शब्द होता. मामा तो ऐकून फोनवर इतके हसले होते की मामी आतून पिठाच्या हातानं बाहेर आल्या. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, थंडीत, आक्का गेली.

हे शब्द आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर होते. पानांचा गठ्ठा कपाटात, त्याला सुतळी. मामा त्यावरून बघून दोन बोटांनी टाइप करायचे. एकदा टाइप झाल्यावर ते कागदांचं काय करावं म्हणून घोळत होते, तेव्हा त्यांना सल्ला देणारा मीच. म्हणालो, मामा, कागदाला वाळवी लागते, ओल लागते; एकदा कॉम्प्युटरात गेलं की कायमचं सुरक्षित. त्यांनी माझं ऐकलं. रद्दीवाल्यानं गठ्ठा उचलला तेव्हा मामांनी सुतळी तेवढी सोडवून ठेवून घेतली.

हे सगळं लिहिताना आजही हात मागे येतो. पण आता इथवर आलो आहे तर पुढचंही सांगून टाकतो.

त्या शनिवारी आम्ही दोघं स्कूटरवरून विद्यानगरला गेलो आणि रविवारी सकाळी अचानक बंद पुकारल्यामुळे तिथेच अडकलो. विद्यापीठाच्या बाजूनं घोषणा ऐकू येत होत्या. मधेच अश्रुधुराचा झणझणीत वास आला तशा मामींनी खिडक्यांच्या फटींत ओले फडके कोंबले. करायला काही नव्हतं, आणि कॉम्प्युटर आजारी होता. करंट गेला-आला की चालू व्हायलाच तयार नसायचा. चालू झाला तर हँग व्हायचा. पेन्शनचा अर्ज छापायला झेरॉक्सच्या दुकानात नेलेल्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला होता आणि प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं एक पिल्लू जन्मलं होतं. मी पहिलं औषध दिलं, दुसरं दिलं. खोडरबर उज्ज्वलाच्या शाळेतल्या कंपासपेटीतला होता, अजून वास येणारा. काही उपयोग झाला नाही. मग मी शल्यविशारदाच्या गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं की फॉरमॅट मारावा लागेल, आणि मामांना विचारलं, यात महत्त्वाचं काय आहे.

मामा म्हणाले, "माझं काय असणार, पाहुणे. थोडं खरडलंय, तेवढं राहू द्या म्हणजे झालं."

त्यांच्या या बोलण्याचा अर्थ कळण्याइतकी अक्कल मला असायला हवी होती. जावयासमोर आपल्या कामाची थोरवी सांगायची नाही, ही त्यांची सभ्यता. मी ती शब्दशः घेतली. खरडलंय म्हणतायत म्हणजे खरडलेलंच असणार. त्यांच्या फाइली मी सी ड्राइव्हवरून उचलून डीमध्ये ठेवल्या, एवढं केलं. मामा आत पेपर घेऊन आडवे झाले आणि मी सी ड्राइव्ह धुऊन टाकला.

आता इथे त्या वेळच्या मराठी टायपिंगबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर माझं पाप नीट कळणार नाही. मामांच्या कॉम्प्युटरात मराठी अक्षरं हिमायतनगरच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्यानं घालून दिली होती. ती जुन्या पद्धतीची. आत सगळं इंग्रजी चिन्हांतच साठवलेलं असायचं, वरून त्यावर मराठी अक्षरांचा अंगरखा चढवलेला. अंगरखा सी ड्राइव्हवर होता. तो मी धुतला. त्यामुळे सिस्टिम नव्यानं टाकून झाल्यावर मी जेव्हा डी ड्राइव्हमधली एक फाईल सहज उघडून पाहिली, तेव्हा समोर आले टोप्या घातलेले ए, शेपट्यांचे सी, उलटी प्रश्नचिन्हं, मधेच पौंडाची खूण, पानामागून पान. मला मनापासून आनंद झाला. व्हायरस सापडला होता.

मी उज्ज्वलाला हाक मारली, म्हटलं ये, तुला व्हायरसची भाषा दाखवतो. ती ओल्या हातानं आली, पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, हे बाबांचं तर नाही ना, बघा आधी. मी हसलो. म्हटलं, बाबांचं मराठीत आहे, हे काय तुला मराठी दिसतंय? ती म्हणाली, "दिसत नाही, पण त्यांना विचारा तरी. आत तर आहेत."

दहा पावलांवर होते. मी विचारलं नाही. का विचारलं नाही, याचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं आणि आजही तेच आहे. विचारलं असतं तर मला कळत नाही असं दिसलं असतं. कॉम्प्युटरवाल्यानं मराठीच्या मास्तरांना कॉम्प्युटरमधलं विचारायचं, हे मला जमलं नाही. मी शिफ्ट दाबून धरलं आणि डिलीट केलं. शिफ्ट अशासाठी की ते कचरापेटीतसुद्धा राहू नये. तेवढ्यानं समाधान झालं नाही, म्हणून मामांचं जे काही खरडलेलं मी तिथे ठेवलं होतं ते व्हायरसनं आधीच खाल्लं असणार असं धरून डी ड्राइव्हलाही फॉरमॅट मारला. आणि रिकामा ड्राइव्ह बरा दिसत नाही म्हणून माझ्याजवळच्या डिस्कवरची जुनी गाणी, भजनं, दोन सिनेमे आणि पत्त्यांचे खेळ काठोकाठ भरून ठेवले. मामांना खूष करायचं होतं. नंतर मी जेवलो, दोनदा सालन वाढून घेतलं आणि हॉलमध्येच पंख्याखाली घोरत पडलो. उज्ज्वला सांगते, मामांनी माझ्यावर चादर टाकली होती.

मामांचा फोन मंगळवारी आला. मी स्टोअरमध्ये गॅस्केटची पाकिटं मोजत होतो. त्यांनी आधी सवड आहे का विचारलं, मशीन आता फार छान चालतंय म्हणून सांगितलं, भजनं ऐकली म्हणाले. मग म्हणाले, ती मराठी अक्षरं गेलेली दिसतात, पण त्याचं काही नाही, पत्रिकावाल्याकडून परत घालून घेतो. त्यानं आधीच सांगून ठेवलंय, अक्षरं नसली की सगळं इंग्रजी खुणांसारखं दिसतं, घाबरायचं नाही, अक्षरं घातली की जसंच्या तसं वाचता येतं. तुम्ही फाईल कुठे ठेवलीत तेवढं सांगा.

माझ्या हातात तेरावं पाकीट होतं. ते कुठे ठेवायचं मला कळेना. मागे लेथ चालू होता. मी म्हणालो, मामा, तुम्हाला सांगणारच होतो. डिस्कच आतून खराब झाली होती. मी खूप प्रयत्न केला, पण त्या फाइली वाचल्या नाहीत.

मग मामा म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार. दिवसभर त्याच्यासमोर बसला होता बिचारे. जेवण झालं का?"

झालं म्हणालो. तेही खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी विद्यानगरला गेलो, तपासतो म्हणून मामांच्या डब्यातली डिस्क काढली आणि हिमायतनगरला एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. मुजीबभाई त्याचं नाव. गेलेल्या फाइली परत काढण्यात तरबेज. त्यानं डिस्क लावून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, पुसल्यावर यात काही भरलं का? मी गाणी सांगितली, सिनेमे सांगितले. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "दीवार पे चूना मार को, अब पुराना रंग मांग रैं आप," तो म्हणाला. "सिर्फ मिटा को छोड देते ना भाई, तो आधे से जादा निकाल को देता था." त्यानं तरी दोन दिवस डिस्क ठेवून घेतली. परत देताना फक्त मान हलवली.

मी उज्ज्वलाला सगळं सांगितलं. ती भांडली नाही. तिनं रविवारचं स्वतःचं बोलणंही काढलं नाही, आणि ते काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली की मी बाबांना काही सांगणार नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगायचं. मी म्हटलं सांगतो, सवड बघून. सवडीचं असं असतं की आपण बघत राहिलो तर ती कधीच दिसत नाही. त्यातून मामा माझी अडचण रोज वाढवत होते. भेटेल त्या नातेवाइकाला सांगायचे, आमच्या पाहुण्यांनी दिवसभर जेवणाकडेही न बघता फाईल वाचवायची खटपट केली, पण डिस्कच गेली होती. माझं दोनदा वाढून घेतलेलं सालन त्या कथेतून कुठल्या कुठे गेलं. आणि त्यांनी शंभर पानी वही आणून पहिल्यापासून लिहायला घेतलं. मी गेलो की म्हणायचे, पाहुणे, तुमच्या आईच्या माहेरचे काही शब्द असतील तर सांगा. आक्कानं सांगितलेला तो दारात अडण्याचा शब्द त्यांना आठवत नव्हता. ते मुद्दाम मामींना दारात अडवून बघायचे, आठवतो का. मामी म्हणायच्या, "सरका की तिकडं, कालवण करपतंय." ते सरकायचे, आणि दारातच थोडा वेळ उभे राहायचे.

असे दीड-दोन महिने गेले आणि अधिक महिना आला. हा महिना तीन वर्षांनी येतो आणि तो जावयाचा असतो. जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, पूजा करायची आणि तेहतीस अनारसे वाण म्हणून द्यायचे. त्या महिन्यात जावई म्हणजे नारायण आणि लेक म्हणजे लक्ष्मी. आमच्या लग्नानंतरचा तो पहिलाच अधिक. मामींनी अनारशांचे तांदूळ आधीच भिजत घातले होते. बंद, मोर्चे, रिकामे बाजार यांतून त्यांनी कुठून कुठून गूळ आणि खसखस जमवली होती. मी दोन रविवार काहीतरी कारण काढून टाळलं. तिसऱ्या रविवारी उज्ज्वला म्हणाली, आई गुडघ्याला पट्टी बांधून अनारसे तळतेय, आता काय सांगू तिला? आम्ही गेलो.

हॉलमध्ये पाट मांडला होता, भोवती रांगोळी, समोर पितळेची परात. कॉम्प्युटरवर मामींनी विणलेला रुमाल घातला होता. आतून पुरणाचा आणि तुपाचा वास. मला पाटावर बसवलं, पॅन्ट घोट्यावर दुमडायला लावली आणि पाय परातीत ठेवायला सांगितले. मामी चेंबूनं पाणी घालू लागल्या. मामा समोर खाली बसले. बसताना त्यांनी एक हात जमिनीला टेकवला आणि गुडघा कट्ट करून वाजला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सत्तरीकडे झुकलेला माणूस. शेकडो पोरांना बाराखडी शिकवलेले ते हात. त्यांनी माझी टाच तळहातावर घेतली आणि अंगठ्याच्या बेचक्यातली स्कूटरची काळी धूळ बोटानं हलकेच काढायला लागले. पाणी कोमट होतं, मुद्दाम तापवलेलं. मला ते सोसेना.

मी म्हणालो, "मामा, डिस्क गेली नव्हती. मी पुसलं ते."

मामींच्या चेंबूची धार थांबली. उज्ज्वला माझ्या मागे उभी होती, ती दिसत नव्हती. मी पाय मागे घ्यायला लागलो तसे मामा म्हणाले, "हलू नका, पाणी सांडतंय." आणि दुसरा पाय हातात घेतला. मी खाली मान घालून सगळं बोललो. खुणा दिसल्या, मला व्हायरस वाटला, उज्ज्वलानं विचारा म्हटलं होतं, मी विचारलं नाही, वरून गाणी भरली, मग तुमच्याशी खोटं बोललो. मामा ऐकत होते आणि बोटं धूत होते, एकेक करून. धुऊन झाल्यावर पंच्यानं पाय कोरडे केले. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग तसेच खाली बसून राहिले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "त्याआधी कधी उघडून पाहिलं होतं का, मी काय लिहितो ते?"

मी नाही म्हणालो.

"एकदा पाहिलं असतं तर नाव तरी ओळखीचं वाटलं असतं फाइलीचं," ते म्हणाले. आवाज वर्गातल्यासारखा शांत होता. "डिस्कवर काही राग धरता येत नाही, म्हणून मी तो सोडून दिला होता. तुमच्यावर धरता येईल. पण आज नाही. आज तुम्ही नारायण. नारायणावर रागावायची सोय नाही." मग मामींकडे बघून म्हणाले, "पान वाढा. धोंडे गार होतील."

मी ते जेवण जेवलो. पुरण भरलेले, उकडलेले धोंडे, त्यावर मामींनी तुपाची धार धरली ती मी नको म्हणेपर्यंत थांबवली नाही आणि मला नको म्हणता येत नव्हतं. कुणी काही बोललं नाही असंही नाही. मामींनी खालच्या घरमालकांच्या सुनेचं बाळंतपण सांगितलं. मामांनी मला आग्रह करून एक धोंडा जास्त वाढायला लावला. त्यांच्या स्वतःच्या पानात मात्र दोनच होते, आणि त्यांतला एक त्यांनी मोडून नुसता कालवून ठेवला.

मामा माझ्यावर कधी रागावले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढची सात वर्षं नाही. मी त्यांच्याजवळ बसायला लागलो. वही त्यांची, शब्द त्यांचे, आणि नंतर त्यांचा हात थरथरायला लागल्यावर अक्षर माझं. मराठी लिहायला मी तिथे शिकलो, तिसाव्या वर्षी, त्यांच्या लाल शाईच्या खुणांखाली. त्या खुणांतही ते मला ‘पाहुणे’ लिहायचे: पाहुणे, इथे वेलांटी दीर्घ. तीन वह्या भरल्या. त्यांत आक्काचे शब्द फार थोडे आहेत. मामा गेले तेव्हा नवं राज्य होऊनही काही वर्षं उलटली होती. दारात अडण्याचा शब्द त्यांना शेवटपर्यंत आठवला नाही. आमच्या मुलीला मी त्या वह्या वाचायला सांगतो. ती तेलुगू भराभर वाचते, इंग्रजी भराभर वाचते, आणि आजोबांच्या वहीशी आली की माझ्यासारखी थांबून थांबून वाचायला लागते. मी काही बोलत नाही. बोलण्याचा हक्क मी कधीच घालवून बसलोय.

पण त्या धोंड्याच्या दिवसाचं थोडं राहिलं. जेवणानंतर मामींनी अनारशांचा डबा हातात दिला आणि आम्ही दोघं स्कूटरवरून निघालो. दुपारचं ऊन, रस्ते मोकळे. उज्ज्वला मागे डबा मांडीवर धरून बसली होती. मला फार हलकं वाटत होतं. खरं सांगून टाकलं होतं, पाया पडताना मामांनी पाठीवर हात ठेवला होता, आणि त्या हलकेपणात मी कुकटपल्लीपर्यंत स्वतःवर जवळजवळ खूष झालो होतो. घराच्या जिन्याशी स्कूटर लावली आणि तिला म्हटलं, शेवटी सांगितलं ना मी बाबांना. हेल्मेटच्या आत मी हसतही असेन. तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. "पण दोन महिन्यांत तुम्ही नेमका तो दिवस निवडला, ज्या दिवशी त्यांना तुमच्यावर रागावता येत नव्हतं. आणि नेमकी ती वेळ, जेव्हा ते तुमचे पाय टाकून उठूनही जाऊ शकत नव्हते."